चार वाजता उघडणारी गल्ली

१

वाट तुमची नव्हती. तरी तुम्ही ती तीन महिन्यांसाठी सिनेमावाल्यांना देऊन टाकलीत, आणि देताना तिच्या टोकाला विहीर आहे हे सांगायचं विसरलात. तुमचं नाव मी घेणार नाही. मढमध्ये ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला तर आहेच. आज तिथे एक बांबूही उभा नाही आणि वाट मात्र आहे. ती परत कशी मिळाली हे तुम्ही ऐकायलाच हवं, कारण त्या शनिवारी तुम्ही घराच्या खिडक्या लावून आत बसला होता.

तुमचा विसर मला समजतो. गावात नळ आल्यापासून त्या विहिरीवर कोणी जात नव्हतं. तिची आठवण व्हायची ती फक्त लग्नात. आमच्या ख्रिस्ती गावात लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवर जातात, घागर भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. आमच्या घरात त्यात आणखी एक अट होती: आईच्या लग्नात ज्या विहिरीचं पाणी आलं, तिचंच लेकीला हवं, आणि वाजतगाजत ज्या वाटेने जायचं तिनेच परत यायचं.

माझी बहीण मॉनिका हिचं लग्न १३ फेब्रुवारी १९७२ला, रविवारी ठरलं होतं. त्यानंतरच्या बुधवारी राखेचा दिवस, म्हणजे उपवासकाळ सुरू, मग ईस्टरपर्यंत लग्नं बंद. आणि नवरा मुलगा इसिडोर बोटीवर नोकरीला. वीस तारखेला त्याची बोट सुटणार होती, ती चौदा महिन्यांनी परतणार. तेव्हा लग्न व्हायचं तर त्याच रविवारी.

मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मी आईला समजावलं की नळाचं पाणी आणि विहिरीचं पाणी यांत काहीही फरक नसतो. आईने माझ्याकडे शिळ्या बोंबलाकडे बघावं तसं पाहिलं.

"पाणी नाही तर लग्न नाही," ती म्हणाली. "आणि युस्टेस, तू जास्त शिकलायस ना? मग वाट उघडून दाखव."

मॉनिका ओसरीवर बसून साडीला फॉल लावत होती. तिने सुई तशीच हातात धरून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला ती नजर अजून आठवते.

२

त्या वाटेवर त्यांनी इटली उभी केली होती.

इटलीतल्या एका जुन्या शहरातली बाजारगल्ली हवी होती त्यांना, शेवटच्या गाण्यासाठी. सुरुवातीला दगडी कमान, कमानीला लोखंडी फाटक, मग दोन्ही बाजूंना दुकानांच्या दर्शनी भिंती: घड्याळवाला, चामड्याची दुकानं, पाववाला, हातमोजेवाला. वर दोन-दोन मजले खिडक्यांचे. टोकाला छोटा चौक आणि चौकात कारंजं. कारंज्यासाठी नवा चौथरा बांधायचे कष्ट वाचवायला त्यांनी आमच्या विहिरीच्या कठड्यावरच प्लास्टरचं झाकण ठेवून त्यावर मासा घेतलेलं एक पोरगं बसवलं होतं.

पुढून बघाल तर युरोप. मागून बघाल तर बांबू, टेकू, गोणपाट आणि वाळत घातलेले सुतारांचे लेंगे. भिंती वीतभर जाड. वरच्या खिडक्यांमागे मजला नाही, जिना नाही, काही नाही. झडपा तर उघडतच नव्हत्या, खिळे मारून बसवलेल्या होत्या.

हे मला दत्तारामने दाखवलं. तो सेटवरचा मुख्य सुतार. मूळचा मालवणकडचा, आधी गिरणीत होता, मग या धंद्यात आला. त्याचा आणि माझा परिचय चहाच्या टपरीवर झाला, आणि मी काय करतोय ते कळल्यावर तो मला "नकाशावालो" म्हणू लागला.

कारण मी नकाशा करत होतो. सरकारी कचेरीत अर्ज दिला होता की ही गावाची पायवाट आहे, ती अडवता येत नाही. कचेरीतल्या माणसाने विचारलं, वाट कुठून कुठे जाते, किती लांब, पुरावा काय. म्हणून मी रोज कॉलेजातून येऊन, वेसाव्याच्या तरीतून, म्हणजे होडीतून, उतरलो की थेट सेटवर जायचो आणि पावलं मोजायचो. मॅनेजर चंद्रप्रकाश मला फाटकातून आत सोडायचा. माणूस वाईट नव्हता. मुलुंडहून यायचा बिचारा, सकाळी सहाला घर सोडून.

"माप, खुशाल माप," तो म्हणायचा. "पण वरात आत नाही येणार, यार. ती फरशी प्लास्टरची आहे. सोमवारी शूटिंग. दोनशे माणसं नाचत गेली तर माझी नोकरी गेली."

कमानीपासून कारंज्यापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं भरली. तीनदा मोजली, तिन्ही वेळा चौऱ्याऐंशी.

३

कॉलेजच्या लायब्ररीत मला प्रवासवर्णनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात त्या मूळ गल्लीचा फोटो होता, अगदी आमच्या सेटसारखा. मजकूर मी अर्जात वापरायला उतरवून घेतला. लिहिलं होतं की या गल्लीत कित्येक शतकं फक्त पायी चालणाऱ्यांना प्रवेश आहे. घोडेस्वारानेही कमानीशी उतरायचं. दुकानं बाराला बंद होतात आणि चार वाजता पुन्हा उघडतात. शेवटी एक ओळ होती: दुकानांच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सेटवर गेलो आणि माझं लक्ष पायऱ्यांकडे गेलं. घड्याळवाल्याची पायरी मधोमध खोलगट होती. पाववाल्याची त्याहून जास्त.

मी मनातल्या मनात कलादिग्दर्शकाला दाद दिली. किती बारीक काम. दत्तारामला तसं बोललो तर तो हातातली बिडी विझवून उठला आणि पायरीपाशी उकिडवा बसला. बराच वेळ त्याने त्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला.

"मी सपाट केलंलंय," तो म्हणाला. "पाणसळीन बघितलंलंय. परवा."

प्लास्टर झिजतं तेव्हा त्याची पूड होते, कोपरे तुटतात, आतलं गोणपाट दिसतं. ही पायरी गुळगुळीत होती. हाताला गार लागत होती, देवळाच्या उंबरठ्यासारखी. मी म्हटलं, कामगार बसत असतील. दत्ताराम म्हणाला की कामगार मागच्या बाजूने येतात जातात. या फरशीवर पाय ठेवायला त्यांना बंदी आहे. आठ दिवसांत इथे कोणी चाललं असेल तर तो मी एकटा.

"मग माझ्याच पायाने झिजली असेल," मी हसून म्हणालो.

तो हसला नाही. त्याने समोरच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडच्या पायऱ्याही तशाच होत्या, आणि तिकडे तर मी कधी गेलोच नव्हतो.

४

लग्नाच्या आधीच्या बुधवारी कॉलेजला सुट्टी होती. मी अकरालाच सेटवर आलो. बाराच्या सुमाराला सगळे जेवायला सिनेमावाल्यांनी भाड्याने घेतलेल्या बंगल्यावर गेले. चंद्रप्रकाशने फाटकाला नुसती कडी लावली आणि मला म्हणाला, निघताना ओढून घे.

मी कारंज्यापाशी बसून नकाशाची शेवटची रेघ मारत होतो. उन्हात सगळा सेट पांढराशुभ्र दिसत होता. तेवढ्यात कुठेतरी लाकडी झडप बंद झाल्याचा आवाज आला. आपटल्याचा आवाज नव्हता तो. कोणीतरी सावकाश ओढून घेऊन आतून आडणा सरकवावा तसा. मग शेजारची. मग समोरची. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकामागून एक, दुकानं बंद होत गेली.

माझ्या डोळ्यांसमोर एकही झडप हलली नव्हती. त्या खिळ्यांनी ठोकलेल्या होत्या आणि मुळात बंदच होत्या. उन्हाने प्लायवूड आणि बांबू तडकतात, हे मला माहीत होतं. मी घड्याळात पाहिलं. बाराला एक मिनिट कमी.

मी नकाशा गुंडाळला आणि फाटकाकडे निघालो. सवयीने पावलं मोजत. चौऱ्याऐंशी झाली तेव्हा मी हातमोजेवाल्याच्या दुकानासमोर होतो. कमान अजून तेवढीच लांब दिसत होती. उन्हाने डोकं हललं असेल म्हणून मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो. एकशे दहा. एकशे चाळीस. गावात सुकत घातलेल्या मासळीचा वास एव्हाना गेला होता. भाजलेल्या कॉफीचा आणि नव्या चामड्याचा वास येत होता. माझ्याबरोबर कोणीतरी चालत होतं असं मी म्हणणार नाही. पण मी थांबलो की काही पावलं माझ्यानंतर थांबत होती, आणि ती एकाची नव्हती. बाजार उठल्यावर लोक घरी जेवायला निघतात, तशी ती सावकाश, बोलत बोलत थांबणारी पावलं होती.

एकशे साठाव्या पावलाला मी पाववाल्याच्या दाराची मूठ धरली, आधाराला. ती मूठ मी पाहिली होती. सोनेरी रंग दिलेलं लाकूड. आता ती पितळ होती. आणि ऊबदार होती, नुकताच कोणी हात काढून घेतल्यासारखी.

मी पळालो नाही, हे मला आजही बरं वाटतं. मी मूठ सोडली आणि मोठ्याने, भाषणस्पर्धेत बोलावं तसं बोललो: "ही आमच्या गावाची पायवाट आहे. शनिवारी चार वाजता आम्ही इथून पाण्याला जाणार आहोत. माझ्या बहिणीचं लग्न आहे."

कोणाला सांगत होतो ते मला विचारू नका. पुढच्या अकरा पावलांत फाटक आलं.

५

कचेरीचं उत्तर शुक्रवारी आलं. अर्ज मिळाला, यथावकाश विचार होईल.

संध्याकाळी दत्ताराम घरी आला. मागच्या बाजूचं एक फळकूट आपण काढून ठेवतो, तो म्हणाला, पहाटे एक जण आत जाऊन घागर भरून आणा, कोणाला पत्ता लागणार नाही. इसिडोरच्या घरच्यांनाही ते मान्य होतं. त्याच्या वडिलांनी, ॲम्ब्रोजकाकांनी, आईला सांगितलं की क्लॅरिसबाई, पाणी तेच आहे, पोरांचं लग्न होऊ दे.

मला वाटलं आई हो म्हणणार. आणि खरं सांगतो, बुधवारची ती ऊबदार मूठ आठवून मलाही तिने हो म्हणावं असं वाटत होतं.

"चोरून आणलेल्या पाण्याने लेकीला आंघोळ घालू?" आई म्हणाली. "मग ती सासरी मान वर करून कशी राहणार?"

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कॉलेजात हक्कांवर भाषणं करून दोन बक्षिसं मिळवली होती. गाव आपल्या वाटेवरून उजळ माथ्याने, पुढच्या दाराने चालू शकत नसेल तर त्या बक्षिसांचे कप मोडीत काढलेले बरे. मी म्हणालो, चार वाजता, फाटकातून, बँड लावून. दत्तारामने माझ्याकडे पाहिलं.

"बुधवारी तू आत होतंस," तो हळूच म्हणाला. "माका आवाज इलो. मी मागे बांबूखाली डबो खाय होतंय."

"काय आवाज आला?"

"दुकानां बंद केल्यासारखो." त्याने टोपी डोक्यावर घातली. "उद्या मी येतंय तुझ्यावांगडा. झाकण काढूक पहार लागतली."

६

उपवासकाळाच्या तोंडावर सगळे जवळचे बँड अडकलेले होते, म्हणून मुलुंडचा एक बँड ठरवला होता. ती मंडळी मढला पहिल्यांदाच आली होती. त्यांच्यातला बाळा हा मोठा ढोलवाला, दारातून आडवं होऊन शिरावं लागणारा माणूस, तरीतून उतरतानाच घामाघूम झाला होता.

पावणेचारला वरात निघाली. पुढे मेबल मावशी, डोक्यावर घागर, अंगावर लाल लुगडं. मागे बायका, मग बँड, मग सगळं गाव. तुमची खिडकी बंद होती, ती सगळ्यांनी पाहिली.

फाटकाला कुलूप होतं. आत चंद्रप्रकाश उभा, दोन्ही बाजूंना पहारेकरी. बँड थांबला.

"युस्टेस, तू शिकलेला माणूस आहेस," तो गजांतून म्हणाला. त्याचा आवाज रागावलेला नव्हता, थकलेला होता. "नळाचं पाणी घे ना. मला घरी दोन पोरं आहेत, यार."

मी काय बोललो ते पाठ नाही. वाट चालण्यासाठी असते, असं काहीतरी. मी फाटकाचे गज धरले होते. मागून मॉनिकाची मैत्रीण रडायला लागली होती. मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चार वाजले.

पहिली झडप उघडली.

ती उघडताना मी पाहिली नाही. माझी नजर चंद्रप्रकाशवर होती. आवाज त्याच्या पाठीमागून आला. आडणा सरकला, मग बिजागर वाजलं. मग शेजारची, मग समोरची, पार कारंज्यापर्यंत. पाठोपाठ पावलं आली. दारांतून बाहेर पडणारी, पायऱ्या उतरणारी, पुष्कळ. चंद्रप्रकाशने मान वळवून मागे पाहिलं. किती वेळ तो तसा पाहत राहिला ते सांगता येणार नाही. मला फक्त त्याचा कान आणि मानेवरचा घाम दिसत होता.

मग त्याने खिशातून किल्ली काढली. दोनदा खाली पडली. तिसऱ्यांदा त्याने कुलूप उघडलं, डोक्यावरची कॅप काढून हातात घेतली आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

"चला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. बँड वाजू लागला आणि आम्ही इटलीत शिरलो.

गल्ली रिकामी होती. मी शपथेवर सांगतो, मला समोर कारंजं दिसत होतं आणि मध्ये कोणीही नव्हतं. गल्ली चांगली वीस फूट रुंद. तरी आम्ही सगळे एकामागून एक चालत होतो, खांदे आकसून. पुढे मेबल मावशी घागर सावरत, अंग तिरकं करत वाट काढत होती आणि "जरा सरका हां, जरा सरका" म्हणत होती. तिच्या आवाजात भीती नव्हती. जत्रेत बोलतात तशी बोलत होती. बायका हळदकुंकवाच्या गर्दीत सांभाळावेत तसे आपले पदर सांभाळत होत्या. बाळाचा ढोल तर मुळीच पुढे सरकेना. तो घड्याळवाल्याच्या दुकानापाशीच अडकून राहिला आणि तिथूनच ठेका देत राहिला.

मी पावलं मोजली. चौऱ्याऐंशी.

दत्तारामने पहार घातली. मासा घेतलेलं पोरगं एका बाजूला कलंडलं, झाकण सरकलं आणि विहिरीचा तो जुना, गार, शेवाळी वास वर आला. मेबल मावशीने घागर दोराला बांधली. आईने हात जोडून 'आमच्या बापा' ही प्रार्थना सुरू केली. मी वाकून आत पाहिलं.

पाणी खूप वर होतं. त्यात आभाळाचा गोल तुकडा होता, आमची डोकी होती, आणि आमच्या डोक्यांवर, दोन्ही बाजूंना, खिडक्या होत्या. सगळ्या उघड्या. प्रत्येक खिडकीच्या चौकटीवर कोपरं टेकलेली होती.

घागर पाण्यात पडली आणि सगळं फुटलं. मी वर पाहिलं नाही.

"भरली," मेबल मावशी म्हणाली.

७

परत येताना गल्ली मोकळी होती. गर्दी दोन्ही बाजूंना सरकून उभी राहिली होती, एवढंच मी म्हणेन. आम्ही चार-चारच्या ओळीने चाललो, घागर सगळ्यांच्या पुढे, पाणी हिंदकळून मावशीच्या लुगड्यावर सांडत होतं, आणि बँड असा वाजत होता की प्लायवूडच्या भिंतींना कंप सुटला होता. कचेरी नाही, अर्ज नाही, मेहेरबानी नाही. गाव आपल्या वाटेवरून आपलं पाणी घेऊन चाललं होतं. पाववाल्याच्या दारापाशी दत्ताराम वाकला, त्या खोलगट पायरीला त्याने बोटं लावली आणि ती कपाळाला लावली.

फाटकाबाहेर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. खिळ्यांनी ठोकलेल्या बंद झडपा, रंगवलेल्या पाट्या, उन्हात एक रिकामा सेट. दारात चंद्रप्रकाश अजून कॅप हातात धरून उभा होता. फरशीवर एकही तडा नव्हता. त्याची नोकरी काही गेली नाही.

घरी मॉनिका दारातच उभी होती. आईने घागर उतरवून घेतली, ओंजळभर पाणी तिच्या केसांवर सोडलं आणि दोघी एकदम हसल्या. मी आईला इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मांडवात बँडवाल्यांना चहा आणि फुग्यांची, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावांची, ताटं देत होते. बाळा ढोल बाजूला ठेवून तिसरा फुगा खात होता. मी त्याला पाणी दिलं, मागे राहावं लागलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका म्हटलं.

"छे हो, कंपनी होती ना," तो म्हणाला. "तुमची ती वरच्या खिडक्यांतली माणसं लई चांगली. भाषा काय मला समजली नाही, पण एका बाईने बोटातली अंगठी दाखवून विचारलं, लग्न किती वाजता. मी दहा बोटं दाखवली. सगळ्यांनी माना हलवल्या बघा, म्हणजे जेवणाचा अंदाज तसा धरा."